अपिलासाठी वकील शोधताना: निकालाच्या दिवसापासून वकीलपत्रापर्यंत

दावा हरल्याचे किंवा शिक्षा झाल्याचे कळते, त्या संध्याकाळी घरात एकच चर्चा सुरू होते, ती म्हणजे आता मोठा वकील कोणता करायचा. नातेवाईक नावे सुचवू लागतात, कोणी मुंबईची ओळख काढतो, कोणी थेट सर्वोच्च न्यायालयाची भाषा बोलतो. या गडबडीत जे काम त्याच दिवशी व्हायला हवे ते राहून जाते, आणि ते काम म्हणजे निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी, म्हणजे नकलेसाठी, अर्ज करणे. वकील चार दिवसांनी मिळाला तरी चालते, परंतु अर्जाविना गेलेले दिवस परत मिळत नाहीत. म्हणून वकिलाच्या शोधाची सुरुवात मी नक्कल विभागाच्या खिडकीपासून करतो.

नक्कल हातात आली की तिच्या शेवटच्या पानावरचा किंवा पाठीमागचा शिक्का पाहावा. त्यावर साधारणपणे तीन तारखा असतात: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती पक्षकाराला दिल्याची. अपिलाची मुदत मोजताना १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार निकालाचा दिवस धरला जात नाही आणि नक्कल मिळवण्यासाठी लागलेला आवश्यक काळही वगळला जातो. हे एका उदाहरणावरून पाहू. निकाल ३ जूनला लागला, नकलेचा अर्ज १० जूनला केला, नक्कल २५ जूनला तयार झाली आणि मुदत ३० दिवसांची आहे असे समजू. ४ ते ९ जून हे सहा दिवस तुमच्या खात्यातून गेले, १० ते २५ जून हा काळ वगळला गेला आणि उरलेले २४ दिवस २६ जूनपासून सुरू झाले, म्हणून शेवटचा दिवस १९ जुलै येतो. नक्कल तयार होऊनही ती घ्यायला तुम्ही १५ जुलैला गेलात, तर मधल्या दिवसांची सूट मात्र मिळणार नाही. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते, पण एवढ्या काठावर काम नेऊ नये, कारण वकिलालाही वाचायला आणि लिहायला वेळ हवा असतो.

मुदती प्रकरणाप्रमाणे बदलतात. दिवाणी दाव्याच्या हुकूमनाम्याविरुद्ध, म्हणजे निकालावरून निघणाऱ्या औपचारिक आदेशाविरुद्ध, उच्च न्यायालयात अपील करायचे असेल तर ९० दिवस आणि जिल्हा न्यायालयात करायचे असेल तर ३० दिवस मिळतात. फौजदारी शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवस आणि सत्र न्यायालयात ३० दिवस असतात, मात्र फाशीच्या शिक्षेविरुद्ध ३० दिवसच असतात. जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशाविरुद्ध राज्य आयोगाकडे जायला ४५ दिवस असतात, आणि ज्याला रक्कम देण्याचा आदेश झाला आहे त्याला तिचा निम्मा भाग आधी जमा करावा लागतो. मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध ९० दिवस, वाणिज्यिक न्यायालयाच्या निकालाविरुद्ध ६० दिवस, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवस. विशेष कायद्याखालच्या प्रकरणात मुदतीचा नियम त्या कायद्यातच असतो, म्हणून पहिल्या भेटीत वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा की शेवटची तारीख कोणती आणि ती कोणत्या कलमाखाली येते. उत्तर तारीख आणि कलम अशा दोन्ही रूपांत मिळाले पाहिजे. "बघू, विलंब माफीचा अर्ज टाकू" या उत्तरावर समाधान मानू नये. विलंब माफ होऊ शकतो हे खरे, परंतु त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते, तो हक्क म्हणून मिळत नाही, आणि समोरचा पक्ष त्या अर्जालाच विरोध करून मूळ अपिलाआधी एक वेगळी लढाई उभी करतो.

कोणत्या न्यायालयात जायचे, त्यावर वकील कोणता हे ठरते

अपील म्हणजे उच्च न्यायालय असे अनेकांना वाटते, आणि त्या समजुतीपोटी ते विनाकारण लांबच्या शहरात वकील शोधत बसतात. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या निकालाविरुद्धचे पहिले अपील जिल्हा न्यायालयात चालते. न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्धचे अपील सत्र न्यायालयात चालते. अशा प्रकरणात जिल्ह्याच्या ठिकाणी नियमितपणे अपिले चालवणारा वकील हीच योग्य निवड असते, कारण तो तारखेला हजर राहू शकतो आणि मूळ कागदपत्रे त्याच्या हाताशी असतात. वरिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांच्या निकालाविरुद्ध कोठे जायचे हे दाव्याच्या मूल्यांकनावर ठरते. सत्र न्यायालयाने दिलेली शिक्षा आणि कौटुंबिक न्यायालयाचा निकाल यांविरुद्ध उच्च न्यायालयात जावे लागते.

मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज मुंबईशिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यातील पर्वरी येथील खंडपीठांत चालते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले आहे. तुमचा जिल्हा ज्या पीठाखाली येतो, त्या पीठासमोर रोज उभा राहणारा वकील शोधावा. मुंबईत नाव असलेला पण वर्षातून दोनदा नागपूरला जाणारा वकील नागपूरच्या अपिलात कमी उपयोगी पडतो.

सर्वोच्च न्यायालयाची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे पक्षकाराच्या वतीने प्रकरण दाखल करण्याचा अधिकार फक्त ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड म्हणून नोंदलेल्या वकिलालाच असतो, आणि ही नोंद त्या न्यायालयाने घेतलेली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. उच्च न्यायालयातला तुमचा वकील कितीही चांगला असला, तरी दिल्लीत दाखल करणारी सही ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डचीच लागते. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध विशेष अनुमती याचिका, म्हणजे अपिलाची परवानगी मागणारी याचिका, दाखल करायला सामान्यतः ९० दिवस मिळतात, आणि मराठी जबाब, करारनामे व फेरफार यांची इंग्रजी भाषांतरे त्या याचिकेला जोडावी लागतात. भाषांतराला वेळ लागतो ही गोष्ट मुदतीच्या हिशेबात बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

याच ठिकाणी आणखी एक पारख करून घ्यावी. प्रत्येक आदेशाविरुद्ध अपील होतेच असे नाही. तडजोडीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील चालत नाही. दाव्याच्या मध्ये झालेल्या अनेक आदेशांविरुद्ध अपिलाची सोय नसते, तेथे पुनरीक्षण अर्ज (आदेश तपासून पाहण्यासाठी वरच्या न्यायालयाकडे केलेला अर्ज) किंवा घटनेच्या अनुच्छेद २२७ खालील, म्हणजे उच्च न्यायालयाच्या देखरेखीच्या अधिकाराखालील, याचिका हा मार्ग असतो. दुसरे अपील तर केवळ कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत असेल तरच स्वीकारले जाते, साक्षीदार खरा की खोटा हा वाद तेथे पुन्हा काढता येत नाही. तुमचे प्रकरण पहिले अपील आहे की दुसरे, की ते अपीलच नाही, हे जो वकील कागद पाहून स्पष्ट सांगतो त्याच्याशी पुढे बोलावे.

अपील कागदावर लढले जाते

खालच्या न्यायालयात साक्षीदार येतात, उलटतपास होतो, वकिलाची हजरजबाबी वृत्ती तेथे कामाला येते. अपिलात साक्षीदार पुन्हा येत नाहीत. नवा पुरावा देण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम २७ मध्ये आहे, पण ती अपवाद म्हणून आहे. तो पुरावा खालच्या न्यायालयाने चुकीने नाकारला होता किंवा पुरेशी खबरदारी घेऊनही तेव्हा मिळू शकला नव्हता, असे काहीतरी दाखवावे लागते. एरवी जे काही आहे ते निकालपत्र, जबाब, निशाणी (पुराव्यातला क्रमांक) पडलेले दस्तऐवज आणि रोजनामा (तारखांना झालेल्या कामकाजाची नोंद) एवढेच, आणि त्यातूनच चूक दाखवायची असते. त्यामुळे उलटतपासात गाजलेला वकील अपिलातही तितकाच प्रभावी ठरेल असे धरून चालू नये. अपिलासाठी बारकाईने वाचणारा, नेमके लिहिणारा आणि न्यायमूर्तींच्या प्रश्नाला त्या पानाचा क्रमांक सांगून उत्तर देणारा माणूस लागतो.

याचा अर्थ मला माझ्या मावशीच्या वाटपाच्या दाव्यात समजला. दावा फेटाळला गेला होता. ज्या पहिल्या वकिलांकडे आम्ही गेलो त्यांनी निकालपत्र टेबलावरून उचललेही नाही, स्थगिती मिळेल आणि निकाल फिरेल असे सांगितले, आणि फीचा आकडा लिहून दिला. दुसऱ्या वकीलबाईंनी निकालपत्र आणि सर्व जबाब ठेवून घेतले आणि चार दिवसांनी बोलावले. गेलो तेव्हा निकालपत्राच्या समासात पेन्सिलीने निशाणी क्रमांक लिहिलेले होते. त्यांनी एका परिच्छेदावर बोट ठेवले. तेथे लिहिले होते की आपल्या हिश्श्यापोटी रोख रक्कम घेतल्याचे वादीने उलटतपासात कबूल केले आहे. मग त्यांनी मावशीचा जबाब उघडला. मूळ वाक्य होते, "भाऊ मला पैसे देतो म्हणाला होता." देतो म्हणाला होता आणि दिले यांत जमिनीचा एक हिस्सा जाण्याएवढे अंतर आहे. अपिलाचा पहिला मुद्दा त्याच दिवशी ठरला. त्यांनी याच बैठकीत हेही सांगितले की दोन दस्तऐवज आपल्या विरुद्ध जातात, आणि ते कोणते हे दाखवले.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हीच एक कसोटी सांगतो: निकालपत्र वाचण्याआधी मत देणाऱ्या वकिलाकडे अपील देऊ नये. वाचनासाठी सल्ला फी मागितली तर ती आनंदाने द्यावी, कारण त्या फीत तुम्हाला प्रकरणाचे खरे मोल कळते. आणि वाचून झाल्यावर वकिलाने अपील करू नका असे सांगितले, तर त्याच्याविषयी मनात राग न धरता त्याची कारणे लिहून घ्यावीत. ती कारणे घेऊन दुसऱ्या वकिलाचे मत अवश्य विचारावे, पण स्वतःची फी सोडून खरे सांगणारा माणूस भेटला आहे हे विसरू नये.

जिल्ह्यातले जबाब मराठीत असतात आणि उच्च न्यायालयातला युक्तिवाद इंग्रजीत होतो, म्हणून मराठी उत्तम समजणारा वकील असणे हा फायदा मोठा आहे. "मला आठवत नाही" आणि "असे घडले नाही" ही दोन उत्तरे पुराव्यात वेगवेगळी ठरतात. वहिवाट आणि मालकी, उसने आणि बक्षीस, नेसत्या वस्त्रानिशी आलेली आणि स्वतःहून निघून गेलेली, या शब्दांतला फरक ज्याला वाचताक्षणी जाणवतो, तो भाषांतरातली चूक न्यायालयाच्या नजरेस आणू शकतो.

आधीचाच वकील ठेवावा का

या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, आणि मी दोन्ही प्रकारे केलेली अपिले पाहिली आहेत. आधीच्या वकिलाला प्रकरणाचा कोपरान् कोपरा माहीत असतो, कोणता साक्षीदार कोठे डगमगला हे त्याला तोंडपाठ असते. उलट, जो मुद्दा त्याला दाव्यात सुचला नाही तो अपिलात सुचेलच असे नाही, आणि स्वतःच्याच कामातली त्रुटी अपिलात मांडणे कोणालाही अवघड जाते. जिल्हा न्यायालयातल्या अपिलासाठी आधीचा वकील अपिले चालवत असेल आणि तुमचा विश्वास शाबूत असेल, तर बदलण्याची घाई करू नये. उच्च न्यायालयात मात्र तेथला वकील पुढे आणि आधीचा वकील माहितीसाठी सोबत, ही जोडी मला सर्वांत चांगली वाटते. त्यासाठी आधीच्या वकिलाशी संबंध बिघडवू नयेत. "तुमच्यामुळे हरलो" असे म्हणून त्यांच्या कार्यालयातून बाहेर पडलेल्या पक्षकाराला फाईल मिळवताना किती हेलपाटे पडतात ते मी पाहिले आहे.

फाईल ही तुमची असते. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात स्पष्ट केले आहे. वकील आपल्या बाकी फीसाठी वेगळी कायदेशीर मागणी करू शकतो, आणि ती रास्त असेल तर चुकती करणे हे पक्षकाराचे कर्तव्यच आहे. चालू प्रकरणात वकील बदलताना आधीच्या वकिलाची संमती लागते, आणि ती मिळत नसेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. अपील हे वरच्या न्यायालयातले नवे प्रकरण असल्यामुळे तेथे नवे वकीलपत्र दाखल होते आणि हा अडथळा सहसा येत नाही.

नावे कोठे शोधावीत

भारतात वकिलांना जाहिरात करण्याची मुभा नाही, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी ती बंद आहे. म्हणून "सर्वोत्तम दहा वकील" अशा इंटरनेटवरच्या याद्यांवर विसंबून राहू नये. त्यापेक्षा चांगला मार्ग सर्वांना खुला आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकाल वाचायला मिळतात. तुमच्या विषयाचे, म्हणजे वाटप, विशिष्ट अनुपालन (करार प्रत्यक्ष पूर्ण करून घेणे), भाडेकरू बेदखली, अपघात भरपाई किंवा धनादेश न वटणे यांपैकी जो असेल त्याचे, गेल्या दोन-तीन वर्षांतले आठ-दहा निकाल उघडावेत. प्रत्येक निकालाच्या पहिल्या पानावर कोणत्या पक्षाकडून कोण वकील हजर होते हे छापलेले असते. जी नावे पुन्हा पुन्हा दिसतात ती लिहून घ्यावीत. मग निकालाच्या मजकुरात त्या वकिलाचा युक्तिवाद न्यायालयाने कसा नोंदवला आहे ते वाचावे. हरलेल्या अपिलातही नेमका मुद्दा मांडणारा वकील तेथे ओळखू येतो.

शक्य असेल तर एक दिवस न्यायालयात जाऊन बसावे. न्यायालये खुली असतात, आणि त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहता येतो. मागच्या बाकावर दोन तास बसले की कोण तयारीने आला आहे आणि कोण पुढची तारीख मागतो आहे हे कायदा न शिकलेल्या माणसालाही कळते. आधीच्या वकिलाला, ओळखीच्या निवृत्त न्यायालयीन कर्मचाऱ्याला किंवा स्थानिक वकील संघातल्या ज्येष्ठाला विचारतानाही "चांगला वकील कोण" असे विचारू नये. "वाटपाची पहिली अपिले कोण नियमित चालवतो" असे विचारले तर उपयोगी उत्तर मिळते. नाव पक्के होण्याआधी त्या व्यक्तीची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बार कौन्सिलकडे नोंदलेली आहे याची खात्री करून घ्यावी. महाराष्ट्रासाठी हे काम बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा पाहते.

ज्येष्ठ वकिलांविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. न्यायालयाने ज्येष्ठ म्हणून मान्यता दिलेले वकील वकीलपत्र दाखल करू शकत नाहीत आणि पक्षकाराकडून थेट काम घेत नाहीत, त्यांच्यासोबत दुसरा वकील असावाच लागतो. म्हणजे ज्येष्ठ वकील हवे असले तरी आधी मसुदा तयार करणारा, दाखल करणारा आणि त्यांना प्रकरण समजावून देणारा वकील तुम्हाला निवडावा लागतो, आणि अपिलाचे बरेचसे यश त्या मसुद्यावर अवलंबून असते.

पहिली भेट आणि फीचे बोलणे

भेटीला जाताना निकालपत्राची नक्कल, दाव्याची प्रत, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), दोन्ही बाजूंचे जबाब, निशाण्यांची यादी, रोजनामा आणि तुमच्या हाताने लिहिलेले एक पान न्यावे. त्या पानावर घटना तारखेनुसार लिहाव्यात, मते लिहू नयेत. निकालपत्रातला जो परिच्छेद तुम्हाला चुकीचा वाटतो त्यावर खूण करून न्यावी, पण वकिलाने वेगळ्याच परिच्छेदावर बोट ठेवले तर ऐकून घ्यावे.

मुदतीनंतरचा सर्वांत महत्त्वाचा विषय स्थगितीचा आहे. केवळ अपील दाखल केल्याने खालचा निकाल थांबत नाही. जिंकलेला पक्ष दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावून ताबा घेऊ शकतो किंवा वसुली करू शकतो. वकील स्थगितीचा अर्ज केव्हा देणार, पैशाचा हुकूमनामा असेल तर किती रक्कम जमा करण्याची तयारी ठेवावी लागेल, आणि तोवर धोका असेल तर ज्या न्यायालयाने निकाल दिला त्याच न्यायालयाकडे अपिलाची मुदत संपण्याआधी तात्पुरती स्थगिती मागता येईल का, हे त्याच दिवशी बोलून घ्यावे. फौजदारी प्रकरणात हाच प्रश्न शिक्षा स्थगित करून जामीन मिळण्याचा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० मध्ये ती तरतूद आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील दाखल करण्यापुरता वेळ मिळावा म्हणून शिक्षा देणारे न्यायालयही जामीन देऊ शकते. धनादेशाच्या प्रकरणात दोषी ठरलेल्याला अपिलात दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम जमा करण्याचा आदेश होऊ शकतो, हेही आधी माहीत असावे.

याशिवाय, मसुदा स्वतः कोण लिहिणार आणि अंतिम सुनावणीला उभे कोण राहणार हे विचारावे. मोठ्या कार्यालयांत भेटणारा एक, लिहिणारा दुसरा आणि उभा राहणारा तिसरा असू शकतो. त्यात गैर काही नाही, पण तुम्हाला ते ठाऊक असले पाहिजे.

फीविषयी संकोच करू नये. अपील दाखल करणे, स्थगिती आणि दाखल करून घेण्याची सुनावणी, आणि अंतिम सुनावणी असे टप्पे पाडून प्रत्येकाची रक्कम लिहून मागावी. न्यायालय शुल्क, टंकलेखन, भाषांतर, पेपर बुक (न्यायालयासाठी एकत्र बांधलेली कागदपत्रे) आणि ज्येष्ठ वकिलांची फी यांत धरली आहे की वेगळी आहे हे त्याच कागदावर यावे. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. "जिंकलात तर मिळालेल्या रकमेतला अमुक हिस्सा द्या" असा करार वकिलाला करता येत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे, आणि अपघात भरपाईच्या प्रकरणात अशी बोलणी कानावर आली तर तेथून उठून यावे. निकालाची हमी देणाऱ्याबाबतही तेच. न्यायमूर्तींशी ओळख असल्याचे सुचवणारा माणूस तुमची फसवणूक करतो आहे.

पैसे नसतील तर

पैशांअभावी अपील सोडून देण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते. ही सोय खालच्या न्यायालयापुरती नाही, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या स्वतंत्र विधी सेवा समित्या आहेत, आणि १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. नेमलेला वकीलही वरच्याच कसोटीवर पाहावा. त्याला कागदपत्रे पूर्ण पोहोचवावीत, भेटीची वेळ मागावी, आणि तो प्रकरण पाहतच नसेल तर समितीकडे लेखी अर्ज करून बदली वकील मागावा.

तुरुंगात असलेल्या व्यक्तीच्या नातेवाइकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि तो तुरुंगाधिकाऱ्यांमार्फतही अपील पाठवू शकतो. १९७८ साली एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, बंदिवानाला निकालाची प्रत वेळेवर मिळणे आणि अपिलासाठी मोफत वकील मिळणे हे न्याय्य प्रक्रियेचे भाग आहेत, असे सांगितले. तेथे प्रत वेळेवर हातात न पडल्याचीच तक्रार होती. गुन्ह्याच्या बळीलाही आरोपी सुटल्यास किंवा भरपाई अपुरी वाटल्यास अपिलाचा हक्क आहे, त्यामुळे सरकारी वकील काय करतात याची वाट पाहत मुदत घालवू नये.

वकीलपत्र दिल्यानंतर

वकीलपत्र पूर्ण वाचून सही करावी. त्यात बहुधा तडजोड करण्याचा, प्रकरण मागे घेण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकारही छापलेला असतो. तो द्यायचा नसेल तर ती ओळ खोडून दोघांनी सही करावी. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या प्रतिज्ञापत्रावर सही करू नये, घाई कितीही असो. अपिलाचा मसुदा दाखल होण्याआधी मागून घ्यावा आणि प्रत्येक मुद्द्याशेजारी निकालपत्राचा परिच्छेद किंवा निशाणी क्रमांक आहे का ते पाहावे. "निकाल कायद्याच्या विरुद्ध आहे" यासारखी सर्वसाधारण वाक्येच पानभर असतील तर मसुदा परत लिहायला सांगावा, तो तुमचा हक्क आहे.

दाखल झाल्यावर नोंदणी क्रमांक आणि अक्षरे व अंक मिळून सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहून घ्यावा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर त्या क्रमांकावरून तारखा तुम्हाला स्वतः पाहता येतात. न्यायालयाच्या कार्यालयाने काढलेल्या हरकती, म्हणजे कागदपत्रांतल्या त्रुटी, दूर झाल्या का हे पहिल्याच महिन्यात तपासावे, कारण हरकती पूर्ण न केल्यामुळे अपील नोंदणीविना पडून राहते आणि पक्षकाराला वर्षभर ते चालू आहे असेच वाटत राहते. वकील गैरहजर राहिल्याने दिवाणी अपील काढून टाकले गेले, तर ते पुन्हा नोंदवून घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो.

तुम्ही खाली जिंकला असाल आणि समोरचा अपिलात जाण्याची शक्यता असेल, तर वकिलाचा शोध तुम्हीही आताच सुरू करावा. वरच्या न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल केले तर ९० दिवसांपर्यंत तुम्हाला न ऐकता स्थगितीचा आदेश होण्याला आळा बसतो. निकालाचा काही भाग तुमच्या विरुद्ध गेला असेल, तर अपिलाची नोटीस मिळाल्यापासून एक महिन्यात प्रति-आक्षेप, म्हणजे त्या भागाविरुद्धच्या तुमच्या हरकती, दाखल करता येतात.

अपिले वर्षानुवर्षे चालतात, आणि त्या काळात माणसे घर बदलतात, आजारी पडतात, जातात. अपिलातला कोणताही पक्षकार, आपला किंवा समोरचा, वारल्याचे कळताच त्याच आठवड्यात वकिलाला लेखी कळवावे आणि मृत्यूचा दाखला व वारसांची नावे-पत्ते पोहोचवावेत. वारसांची नावे लावण्यासाठी ९० दिवस असतात, आणि ते चुकले तर त्या व्यक्तीपुरते अपील आपोआप संपते. गावातली ही बातमी शहरातल्या वकिलाला दुसरे कोणीही सांगणार नसते.